आईच्या अंगठ्याखालची गाठ

हल्ली कुणी "कसा आहेस?" विचारलं की मी "बरा" म्हणतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर मी दमलोय. ऑपरेशन झालं, टाके निघाले, हात हलतो, करंगळीचा शेंडा तेवढा गेला. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझं आलं तेही मुंगीच्याच पावलानं, आणि अजून पुरतं गेलेलं नाही.

हाताच्या डॉक्टरीणबाई मागच्या तपासणीला म्हणाल्या, "हे लिहून काढा तुम्ही. लोक माझ्याकडे फार उशिरा येतात. सगळे आधी मानेला पट्टा बांधून मग येतात." म्हणून लिहितोय. वैद्यकातलं मला फार कळत नाही. माझ्या हातात जे झालं आणि त्यापायी माझ्या घरात जे झालं, तेवढं सांगतो.

मी जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. राहायला पनवेलजवळ करंजाड्यात. घरात मी, माझी बायको मेघना आणि माझी आई. मुलगी शिकायला बाहेरगावी आहे, तिला आम्ही यातलं अर्धंच सांगितलंय.

दार

कंटेनरचं दार तुम्ही कधी बंद केलं नसेल. त्याला उभ्या लोखंडी दांड्या असतात आणि त्या फिरवायला आडवं हँडल. दाराच्या कडेनं जाड रबर असतं. खारी हवा, गंज, वाकलेली दांडी, काही ना काही असतंच, त्यामुळं हँडल पुरतं बसायला दोन बोटं अंतर उरलं की अडतं. ते बसल्याशिवाय सील लागत नाही आणि सील लागल्याशिवाय गाडी सुटत नाही. मागं ट्रेलरवाले हॉर्न मारत असतात.

यार्डात हातोडा आहे. तो नेहमी दुसऱ्या टोकाला असतो. पोरं सरळ लाथ घालतात, एका दणक्यात हँडल बसतं. मला ते कधी जमलं नाही. माझे वडील मिठागरात होते. मिठाच्या राशीला चुकून पाय लागला तरी वाकून हात कपाळाला लावायचे. मालाला पाय लावायचा नाही, मग तो आपला असो की परक्याचा, हे आमच्या हाडात गेलेलं. म्हणून मी हातानं ठोकायचो. तळहाताचा मनगटाजवळचा करंगळीकडचा भाग, जिथं मांस जाड असतं, त्यानं. एक दणका, दुसरा दणका, बसलं. कित्येक वर्षं, दिवसभर.

याचं मला कौतुकच होतं, लपवत कशाला. नवीन पोरांना म्हणायचो, अरे हात आहेत ना देवानं दिलेले.

काखेत कळसा

सुरुवात मुंग्यांनी झाली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. सकाळी शर्टाचं बटण लागेना. सही करताना पेन घसरायचं. मग तळहाताच्या त्याच जाड भागात एक गाठ लागायला लागली, हरभऱ्याएवढी, नंतर बोराएवढी.

पहिल्या डॉक्टरांना मी मुंग्या सांगितल्या आणि गाठ सांगायला विसरलो. त्यांनी मानेचा फोटो काढला आणि पट्टा दिला. भर उन्हाळ्यात यार्डात गळ्याला पट्टा बांधून मी फिरलो. ट्रेलरवाले मला "कॉलरवाले साहेब" म्हणायला लागले. मान ठणठणीत होती, ती तेवढी पट्ट्यानं दुखायला लागली.

मग कुणी म्हणालं नसांची तपासणी करा. ती केली. सुया टोचतात, करंट देतात, हात आपोआप उडतो. रिपोर्ट आला की नस मनगटापाशी दबलीय, पण नेहमीसारखी मधोमध नाही, करंगळीच्या बाजूनं. तिथल्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि म्हणाले, पाण्याची गाठ दिसतेय, ती दाबत असेल, घाई नाही, बघू. मीही म्हटलं, बघू. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. गाठ हातात होती आणि मी मान सांभाळत बसलो होतो.

तेलाची वाटी

आता आईबद्दल सांगायला पाहिजे.

आमच्या गावात आईच्या हातानं न चोळलेलं पोर शोधून काढावं लागेल. बाळ-बाळंतिणीची मालिश, लचक, पाठ, पोटऱ्या, सगळ्याला आई. त्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत, फार तर नारळ. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तिचं मन रमेना. मग खालच्या मजल्यावरच्या एका बाईला बाळ झालं, आई सहज बघायला गेली आणि त्या बाळाला अंघोळ घालूनच आली. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या सगळ्या बाळांची ती आजी झाली. मेघना हसून म्हणायची, "आई, तुमची अपॉइंटमेंट मिळेल का?" मेघना मूळची पुण्याची, शाळेच्या ऑफिसात काम करते, आणि माझी आई तिची फार लाडकी. होती, असं लिहिणार होतो.

माझी गाठ आईच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. एका संध्याकाळी मी जेवताना घास सांडला तसा तिनं हात धरला.

"गाठ कसली रं ही?"

"पाण्याची हाय, डॉक्टर बोलले."

"पानी हाय तं जिरंल. दे हात."

खोबरेल तेलात लसणाच्या पाकळ्या टाकून ते गरम करायचं, वाटी शेजारी ठेवायची, माझा हात मांडीवर घ्यायचा आणि टीव्हीकडं बघत अंगठ्यानं चोळायचं. मनगटाकडून बोटांकडं. रोज. खरं सांगतो, दिवसातलं तेवढंच मला बरं वाटायचं. यार्डाची धूळ, हॉर्न, ती बधिर बोटं, सगळं त्या वाटीपाशी थांबायचं. कधी कधी मला तिथंच झोप लागायची.

मग एके दिवशी आई खूश दिसली. गाठ बसत चाललीय म्हणाली. मलाही ती थोडी घट्ट, थोडी लहान वाटली. मेघनानंसुद्धा बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "आईंचा हात म्हणजे खरंच जादू आहे."

ज्या दिवशी कळलं

दोनेक दिवसांत करंगळी पांढरी पडली. यार्डातच होतो. आधी वाटलं, थंड पाण्याच्या बाटलीनं झालं असेल. मग ती मेणासारखी दिसायला लागली आणि टोकाशी निळसर झाली. दुपारपर्यंत अशी आग व्हायला लागली की मी केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून बसलो. बधिर बोट एवढं दुखू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मेघना शाळेतून थेट आली आणि मला पनवेलच्या या हाताच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाई छोट्या चणीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि माझा हात हातात घेतला. "मूठ आवळा," म्हणाल्या. मनगटाच्या दोन्ही बाजूंनी दोन अंगठे दाबून धरले. "उघडा." तळहात पांढराफटक. मग करंगळीच्या बाजूचा अंगठा उचलला. आम्ही तिघंही हाताकडं बघत होतो. तो पांढराच राहिला.

"या बाजूनं रक्त येतच नाहीये," त्या म्हणाल्या. "काम काय करता?"

मी दाराचं सांगितलं.

"हातोडा नाही तुमच्याकडे?"

"आहे."

"मग पायानं तरी मारायचं."

मिठाची रास, वडील, हे सगळं तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

सोनोग्राफी झाली, मग रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला आणि संध्याकाळी बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तळहाताच्या त्या जाड भागात एक रक्तवाहिनी हाडाला टेकून जाते आणि तिच्या अंगाला लागूनच करंगळीची नस जाते. दणके खाऊन खाऊन रक्तवाहिनीची भिंत सैल पडली आणि ती फुग्यासारखी फुगली. तो फुगा नसेवर बसला, म्हणून मुंग्या. म्हणजे जिला पाण्याची गाठ म्हणत होतो, ती रक्ताची होती. अशी गाठ एरवी नाडीसारखी उडते, पण माझ्या फुग्यात रक्त साकळून गुठळी झाली होती, त्यामुळं ती आता गप्प होती. आणि त्या गुठळीचे तुकडे पुढं सरकून करंगळीत अडकले होते.

"कुणी चोळत होतं का?" बाईंनी विचारलं.

मेघना म्हणाली, "यांच्या आई. रोज."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. गुठळी आपोआपही सुटते. पण चोळल्यानं सुटू शकते. आजपासून त्या हाताला कुणी बोट लावायचं नाही."

तिथून आम्ही थेट दाखल व्हायला निघालो. रिक्षात मी मेघनाला म्हटलं, "आईला हे सांगायचं नाही."

"कोणतं?"

"चोळण्याचं. ठोकण्यानं झालं, एवढंच सांगायचं. ते खोटं पण नाही."

ती म्हणाली, "तुमचं बोट जातंय आणि तुम्हाला त्यांच्या मनाची पडलीय."

"तिला कळलं तर ती परत कुणाच्या बाळाला हात लावणार नाही, मेघना. तिच्याकडं दुसरं काय आहे?"

"नाही सांगणार," ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. आईला तिनं ते सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती आईशी दुसरंही काही बोलली नाही.

वॉर्ड

हॉस्पिटलात पहिले दिवस नुसतं बोटाकडं बघण्यात गेले. रक्त पातळ करणारं औषध सलाईनमधून चालू होतं. सिस्टर येऊन प्रत्येक नख दाबायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायची. बाकीच्या नखांना लगेच यायचा. करंगळीपाशी ती थांबायची, परत दाबायची आणि काही न बोलता पुढं जायची. तिच्या त्या न बोलण्याची मला धास्ती बसली. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शेंडा जाईल असं दिसतंय, पुढचं किती वाचेल ते बघू. मी देवाशी सौदा करत बसायचो, एक पेर घे, दोन ठेव. भीतीनं माणूस किती हिशेबी होतो.

शेजारच्या खाटेवर मोरा गावचे एक काका होते, मच्छीमार, जेट्टीवर घसरून पाय मोडलेला. पहिल्याच सकाळी मी डाव्या हातानं दुधाच्या पिशवीशी झटत होतो, ते बघून त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि दातानं फोडून दिली.

"तुला हात नाय, मना पाय नाय," म्हणाले. "दोगं मिलून एक मानूस होतो आपन. काय पायजे तं बोल, लाजू नको."

पायजम्याची नाडीसुद्धा त्यांनी बांधून दिली. मी लाजलो. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही, नाडी बांधता बांधता घोळ मासा कसा लागतो ते सांगत राहिले. त्या दिवसांत मला जे काही हसू आलं ते त्यांच्यामुळं.

ऑपरेशन हात बधिर करून झालं, मी जागाच होतो. मध्ये हिरवा पडदा. बाई पडद्याआडून मधेमधे सांगत होत्या. फुगलेला तुकडा काढला. माझ्याच हातातली एक बारीक शीर काढून तिथं जोडली. नस मोकळी केली. शेवटी एक छोटं यंत्र तळहाताला लावलं आणि म्हणाल्या, "ऐका." आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप सुरू झाल्यावर भिंतीतून येतो ना, तसा आवाज. सूं, सूं, सूं. "हे तुमचं रक्त चाललंय," त्या म्हणाल्या. मी रडलो. कुणाला दिसलं नाही, पडदा होता.

दुसऱ्या दिवशी आई आली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून आणली होती. माझा हात प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. तिनं त्याकडं बघितलं, काही विचारलं नाही. भाकरीचे तुकडे करून मला भरवले. मग पायथ्याशी बसली आणि सवयीनं माझे पाय दाबायला घेतले.

"नको, आई," मेघना म्हणाली. "हात लावू नका."

आवाज चढलेला नव्हता. आईनं हात उचलले आणि पदराखाली घेतले. मग जाईपर्यंत ते पदराखालीच होते. मला म्हणायचं होतं, दाब गं आई, पायाला काय होतंय. मी म्हटलं नाही. मेघना जे गिळून बसली होती ते माझ्यासाठीच गिळून बसली होती, आणि त्या घडीला मला दोघींपैकी कुणाचीच बाजू घ्यायची ताकद नव्हती.

घरी

घरी आलो तेव्हा वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. करंगळीचा शेंडा काळा पडून वाळत गेला आणि बाईंनी तो नखासकट काढला. तेवढ्यावर निभावलं, बाकी करंगळी वाचली. पण दमणूक अशी की अंघोळ करून आलं की परत झोपावंसं वाटायचं. बरं होणं हे एवढं कंटाळवाणं काम असेल असं कुणी सांगत नाही. डाव्या हातानं जेवायचं, डाव्या हातानं दात घासायचे, डाव्या हातानं देवाला नमस्कार. यार्डातून फोन यायचे, आधी रोज, मग अधूनमधून. मी परत गेलो तेव्हा मला गेटच्या केबिनमध्ये टेबलापाशी बसवलं. दारं आता दुसरे लावतात. लाथ घालतात. मी बघत नाही.

घरातली शांतता मात्र मला हातापेक्षा जास्त दुखायची. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. आई समोर बसलेली असताना मेघना मला म्हणायची, "त्यांना सांगा, दूध गरम केलंय." आई म्हणायची, "तिला सांग, मना नको." आणि मी मधल्या मधे सांगायचो. एकदा मेघनाला एकटीला गाठून म्हटलं, किती दिवस चालणार हे. ती म्हणाली, "मी बोलायला तोंड उघडलं की ते बाहेर पडेल. तुम्हीच नको म्हणालात ना? मग मी तोंड बंद ठेवते." तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात त्या वेळी सगळ्यांचंच बरोबर होतं.

त्यात जखमेचा व्रण घट्ट व्हायला लागला. बाईंनी सांगितलं, आता मात्र व्रणावर रोज हलक्या हातानं तेल लावून चोळायचं. आता धोका नाही, उलट गरज आहे. हे काम मेघनानं घेतलं. संध्याकाळी बेडरूमचं दार लावून ती माझा व्रण चोळायची. बाहेर आई टीव्ही बघत असायची. दार का लावायचं ते आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही.

आईनं बाळांकडं जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या बाईला दुसरं झालं, ती स्वतः बोलवायला आली, तरी आई गेली नाही. मी म्हटलं, वय झालं आता तिचं. तिला काहीच माहीत नाही, एवढ्यावर मी समाधान मानत होतो. ते तरी सांभाळलं असं वाटायचं.

जाता जाता

ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्यांना थोडक्यात सांगतो. तळहातात गाठ आली आणि बोटांना मुंग्या येत असतील तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकाच दमात सांगा, माझ्यासारखी एक घरी ठेवून जाऊ नका. हातानं काय काम करता, कुठं ठोकता, तेही न विचारता सांगा. बोट पांढरं किंवा निळं पडलं तर त्याच दिवशी जा. विडी-सिगरेट ओढत असाल तर सोडा, मी सोडली. आणि गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय ती कुणाला चोळू देऊ नका, चोळणारा हात कितीही मायेचा असो.

चोळण्याचं मी आधी वेगळं लिहिलं होतं.

माझा हात अजून लवकर भरून येतो, म्हणून मी हे फोनमध्ये बोलून लिहितोय. आपण बोलायचं, तो लिहितो. परवा दुपारी मेघना शाळेत होती, आई आत कोळंबी साफ करत होती. मी हॉलमध्ये बसून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होतो, "घरी, कोणीतरी, ती गाठ, रोज चोळत असे."

आई हात न धुताच बाहेर आली.

"कोनीतरी कोन?"

मी फोन खाली ठेवला.

"मना नाव नाय काय?" ती म्हणाली. "मेघनानं माज्याशी बोलनं सोरलं ना, त्याच दिशी मना कललं. तुमी दार लावून तेल चोलता, त्येचा वास माज्या नाकात जात नाय? उभा जलम तेलात गेला माजा."

"आये, तुज्यामुलं नाय झालं. डॉक्टर पण बोलली, नक्की काय सांगता येत नाय."

"तिला नाय येत, मना येतं." ती माझ्यासमोर खाली बसली. ओले हात तिनं मांडीवर उताणे ठेवले. "ती गाठ उडायची रे. पयल्या दिशीपासून. पोराच्या टालूसारकी उडायची माज्या अंगठ्याखाली. मना वाटलं, आत वारा भरलाय. मी दाबत रायले. एक दिस उडायची थांबली. मना वाटलं, मेली गाठ, माजा पोर सुटला. देवीला नारल फोरला मी त्या दिशी."

मी तिच्या हातांकडं बघत राहिलो. तिला जपतो म्हणून मी एवढे महिने घरात कुणालाच श्वास घेऊ दिला नव्हता, आणि ती हे सगळं एकटी घेऊन बसली होती, आमच्याच घरात, टीव्हीसमोर.

"काय लिवलास ते खोर," ती म्हणाली. "आन् माजं नाव घाल. गावात बाया अजून चोलतान. त्यांना डॉक्टरीण सांगंल तं आयकनार नाय, माजं आयकतील. उडनारी गाठ दाबू नका, म्हनावं."

मी "कोणीतरी" पुसलं आणि तिच्यादेखत फोनमध्ये बोललो, "माझी आई, पार्वती, ती गाठ रोज चोळत असे." तिनं ते ऐकलं, मान हलवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"मेघना आली का तिला सांग," ती म्हणाली, "तिला म्हातारीला काय बोलायचं हाय ते बोल म्हनावं आता. मी आयकतंय."